शोकेसमधली वेळ

घड्याळांचा नाद असलेली चार माणसं एकत्र बसली की कौतुक कमी आणि कुरकुर जास्त होते. तारखेची खिडकी भलतीकडेच आहे, तासकाटा आकड्यापर्यंत पोचत नाही, सेकंदकाटा रेघेवर न टेकता दोन रेघांच्या मध्येच टिकटिकतो, पट्टा एकोणीस मिलिमीटरचा लागतो आणि बाजारात अठरा आणि वीसचेच मिळतात. रत्नागिरीत आम्ही असे नादिष्ट मोजकेच. संध्याकाळी मांडवीच्या जेटीकडे कट्टा जमतो आणि सूर्य बुडेपर्यंत घड्याळं बनवणाऱ्यांचा उद्धार चालतो.

त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो, कारण ज्या ज्या खोडीला आम्ही नावं ठेवतो, ती खोड असलेलं घड्याळ मी कधी ना कधी रोख पैसे मोजून घेतलेलं आहे. ते कुणी माझ्या गळ्यात मारलं नव्हतं. काचेच्या कपाटासमोर उभं राहून, बोट दाखवून, "ते जरा काढा हो," असं मीच म्हटलं होतं.

पहिलं होतं तीन चकत्यांचं. नुकती नोकरी लागलेली, खिशात पैसे, आणि समोर काळ्या डायलवर तीन छोट्या चकत्या, प्रत्येकीत एक नाजूक काटा, उजव्या बाजूला चावीच्या वरखाली दोन बटणं. थांबवायचं-चालवायचं घड्याळ म्हणजे वैमानिकांचं, शर्यतवाल्यांचं, एवढं मला ऐकून माहीत. दुकानात बटण दाबून बघावं हे सुचलं नाही. घरी येऊन दाबलं तर ते दबेना. बटणं केसलाच ओतलेली होती, नुसती शोभेची. चकत्यांतले काटे डायलवर छापलेले. भाची तेव्हा लहान होती. जेटीवर भेळ खाताना तिने माझा हात ओढून बघितलं आणि विचारलं, "मामा, हा छोटा काटा बंद पडलाय का?" मी म्हटलं, "तो लागेल तेव्हाच चालतो." पोरीशी खोटं बोललो, तेही एका छापील काट्याची अब्रू राखायला.

त्याच घड्याळाच्या कडेने आकड्यांची एक पट्टी होती: ४००, ३००, २००, असं उतरत उतरत ६० पर्यंत. हिला टॅकीमीटर म्हणतात. एक किलोमीटर जायला किती सेकंद लागले ते मोजायचं. काटा जिथे थांबेल तिथला आकडा म्हणजे ताशी वेग. ३६ सेकंद लागले तर १००, ४५ लागले तर ८०. हिशोब सरळ आहे, ३६०० भागिले सेकंद. ओमेगाच्या स्पीडमास्टरने १९५७ साली ही पट्टी डायलवरून उचलून काचेभोवतीच्या कड्यावर नेली, आणि तेव्हापासून ज्याला त्याला ती हवीशी वाटू लागली. पण ती वापरायची तर सेकंदकाटा हवा तेव्हा शून्यावरून सोडता आला पाहिजे. माझा काटा तर आपला फिरतच असायचा. तरी मी हट्टाने एसटीत खिडकीशी बसून पालीच्या पुढे प्रयोग केला. मैलाचा दगड यायला आणि काटा बारावर यायला एकच गाठ पडेपर्यंत हातखंबा आलं. शेवटी एकदा जमलं, तर पुढच्या दगडाला काटा पूर्ण फेरा मारून पुढे गेलेला. म्हणजे बस ताशी साठच्याही खाली चाललेली, आणि पट्टी साठलाच संपते. कोकणातल्या एसटीचा वेग त्या पट्टीवर मावत नाही, ही गोष्ट घड्याळ घेताना माझ्या ध्यानात यायला हवी होती.

तारखेच्या खिडकीचं प्रकरण याहून लांबलं.

जाहिरातीत आणि शोकेसमध्ये घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांवर उभं केलेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामागचा डाव मला उशिरा उमगला. त्या वेळेला बाराखालचं कंपनीचं नाव दोन काट्यांच्या मध्ये मोकळं राहतं, तीनजवळची तारीख मोकळी राहते, सहाजवळची चकती मोकळी राहते. घड्याळ आपल्याला त्याच्या सगळ्यांत सोयीच्या क्षणी दाखवलं जातं. माझ्या दुसऱ्या घड्याळाची खिडकी चार आणि पाचच्या मध्ये, तिरकी कोरलेली होती. दहा-दहाला ती फार ऐटदार दिसली. हातावर आल्यावर कळलं की दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी दोन्ही काटे तिच्यावर आडवे येतात. ऑफिसात चहा येण्याची, आणि मागचा-पुढचा पत्रव्यवहार निपटायची माझी वेळ तीच. शिवाय आतली तारखेची चकती पांढरी आणि डायल गडद निळी. त्यामुळे वेळ बघायला मान खाली घातली की आधी दिसायचा तो पांढरा तुकडा.

हे असं का करतात, तेही सांगतो, कारण कट्ट्यावर आम्ही याला नुसता आळस म्हणतो आणि तो सगळाच आळस नसतो. मशीन बाहेरून येतं, त्याचा आकार ठरलेला, तारखेची चकतीही त्याच मापाची. केस मोठी केली तरी चकती मोठी होत नाही; मग खिडकी कडेला न येता डायलच्या पोटात, मध्याच्या जवळ सरकते. तीनवर खिडकी पाडली तर तीनचा आकडा कापला जातो. म्हणून काही जण ती तीन-चारच्या किंवा चार-पाचच्या सांदीत ढकलतात. पांढरी चकती सगळ्या रंगांच्या डायलखाली चालवून घेता येते, प्रत्येक रंगाला वेगळी छापली तर खर्च वाढतो. समजून घेतलं की राग जरा कमी होतो. खिडकी मात्र तिथेच राहते.

आणि तारीख मोडली ती मी स्वतः. साध्या यांत्रिक घड्याळात तारीख बदलायची तयारी रात्री नऊच्या सुमारास सुरू होते. आतल्या चाकाचा एक दात तारखेच्या चकतीला जाऊन भिडतो, हळूहळू तिला रेटतो, मध्यरात्रीच्या आगेमागे ती सरकते, आणि पहाटे तीनपर्यंत तो दात मोकळा होतो. या मधल्या वेळात चावी ओढून तारीख बदलू नये, असं माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मी माहितीपत्रक डब्यातच ठेवून दिलं होतं. घड्याळाला महिना कळत नाही. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपताना, म्हणजे वर्षातून पाच वेळा, तारीख हाताने पुढे न्यावी लागते. नोव्हेंबरची ती तीस तारीख. सकाळी उठल्यावर एकतीस बघायला लागू नये म्हणून रात्री अकराला, झोपण्यापूर्वी, मी मोठ्या व्यवस्थितपणाने चावी अर्धी ओढली आणि फिरवली. आत काहीतरी कटकन झालं. तिथून पुढे खिडकीत दोन तारखांच्या मधली पांढरी जागा दिसायची, आणि कधी कधी वरच्या आकड्याचे पाय.

दुरुस्त करून आणल्यावर पुढची चूक. घड्याळ दोन दिवस पडून थांबलेलं, तर डायलवर बारा तासच असतात. थांबलेल्या घड्याळात आठ म्हणजे सकाळचे की रात्रीचे, हे वरून कळत नाही. काटे पुढे फिरवत जायचं, तारीख उडी मारेल तिथे मध्यरात्र, आणि तिथून मोजायचं, ही साधी रीत. मी अंदाजाने लावलं. पुढे कितीतरी दिवस माझी तारीख दुपारी जेवणाच्या सुट्टीत बदलत होती, आणि मी ती मशीनची खोड समजून तिच्याविषयी कट्ट्यावर तावातावाने बोलत होतो.

मोठ्या घड्याळांच्या नादाबद्दल फार सांगत नाही. सेहेचाळीस मिलिमीटरचं एक घेतलं. माझं मनगट बारीक, पट्टा अडकवायची टोकं दोन्हीकडून बाहेर डोकवायची. स्कूटरच्या मुठीवर हात वाकला की चावी हाताच्या पाठीत रुतायची, तिथे कायमचा लाल डाग. बायको एवढंच म्हणाली, "अहो, हे तुमच्या हातावर राहणार आहे, की तुम्ही त्याच्यावर?" रोमन आकड्यांचं एक घड्याळ बघताना दुकानदाराला मी चारचौघांत छपाईची चूक दाखवली होती, तीही आठवते. चार म्हणून चार उभ्या रेघा छापल्यात, आणि पाचाच्या डावीकडे एक रेघ हवी होती! तो नुसता हसला. घड्याळाच्या डायलवर चारला चार उभ्या रेघा काढायची चाल शतकांपूर्वीची आहे, आणि लंडनच्या बिग बेनवर मी म्हणत होतो तसा आकडा आहे म्हणून तोच अपवाद गणला जातो, हे मला नंतर कळलं. त्या दुकानात मी परत गेलो नाही.

आता मांडवीच्या वाळूचं.

बाहेरगावचे लोक इथल्या वाळूला बघून बिचकतात. ती काळी आहे, ओली असताना तर शाईसारखी. रत्नदुर्गाच्या पलीकडच्या अंगाला पांढरा समुद्र, इकडे काळा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची ही काळी वाळू इल्मेनाइटसाठी भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्यांच्या परिचयाची आहे. तिच्यात मॅग्नेटाइटचे कणही असतात, आणि ते चुंबकाकडे धावत जातात. मोडक्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून या वाळूतून ओढत नेणं हा आमचा लहानपणीचा खेळ होता. चुंबकाला काळी दाढी फुटायची. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

तरीही मी चुंबकाने मिटणारा पट्टा घेतला. बारीक विणीची स्टीलची जाळी, टोकाला चुंबक. भोकं नाहीत, बकल नाही, मनगटावर गुंडाळा आणि सोडून द्या, जिथल्या तिथे चिकटतो. दुकानातल्या थंड हवेत त्याच्यासारखं सुख नाही. पहिल्याच रविवारी संध्याकाळी वाळूत हात टेकून बसलो आणि उठलो, तर मनगटाच्या खालच्या बाजूला काळे केस उभे राहिलेले. झटकले, जात नाहीत. पुसले तर रुमालाबरोबर फिरतात आणि परत उभे राहतात. पाण्याखाली धरलं तर वरचे गेले, विणीतले आत बसले. तिथून पुढे पट्टा सरकवला की आतून करकर आवाज, आणि जाळीच्या कडांवर बारीक तांबूस ठिपके. पावसाळा लागला तसे ते वाढले. चिकटपट्टी लावून लावून चुंबकावरचे कण मी काढले, विणीतले शेवटपर्यंत निघाले नाहीत.

त्याहून मोठं नुकसान दिसत नव्हतं. रात्री घड्याळ काढलं की तो पट्टा आपोआप मिटायचा आणि चुंबक नेमकं मागच्या झाकणाला जाऊन बसायचं. मला ते नीटनेटकं वाटायचं. थोड्या दिवसांत घड्याळ पुढे पळायला लागलं, सेकंदांनी नाही, मिनिटांनी. मी शहरातल्या एका जुन्या घड्याळजीकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावण्याआधी खणातून एक छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळाशेजारी ठेवलं. सुई गर्रकन वळली. मशीनमध्ये केसाएवढ्या जाडीची एक स्प्रिंग गुंडाळलेली असते, तिच्या श्वासावर घड्याळाचा ठोका ठरतो. तिच्यात चुंबकत्व भरलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि ठोके जलद पडतात. त्यांनी एका निळ्या डबीवर घड्याळ ठेवलं, बटण दाबून धरलं आणि घड्याळ सावकाश वर उचललं. झालं. पैसे घेतले नाहीत. "पट्टा बदला," म्हणाले, "नायतर परत याल."

पट्टा बदलला, पण समुद्राचं घड्याळ म्हणून पाणबुड्याचं घ्यायचं डोक्यात बसलं. २०० मीटरचं. इथे एक गोष्ट कट्ट्यावरच्या नवख्यांना मी आवर्जून सांगतो. डायलवर ३० मीटर लिहिलंय म्हणजे ते घालून तीस मीटर खोल जाता येतं असं नाही. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे, आणि त्याचा व्यवहारातला अर्थ हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरता आहे. पाणबुड्यांच्या घड्याळाचं जागतिक मानक किमान १०० मीटरपासून सुरू होतं. हे सगळं मला पाठ होतं. पण या घड्याळाची चावी आट्यांची होती: चावी द्यायची तर आधी आटे सोडवायचे, मग फिरवायची, मग दाबून धरत पुन्हा आटे बसवायचे. आटे तिरके बसले तर झिजतात. रोज सकाळी हा उपद्व्याप कोण करणार? मी आटे सोडूनच ठेवायला लागलो. दोनशे मीटरची सगळी प्रतिष्ठा त्या आट्यांवर उभी होती, आणि मी ते उघडे ठेवून भाट्याच्या समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात शिरलो.

काचेच्या आतून धुकं धरलं. घरी येऊन मी घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरलं, मोबाइल भिजला की पुरतात तसं. धुकं दोन दिवसांत गेलं आणि मी सुटकेचा श्वास टाकला. पाणी गेलं होतं, मीठ राहिलं होतं. त्याच घड्याळजींनी झाकण उघडलं तेव्हा चावीच्या दांडीवर आणि शेजारच्या चाकावर गंज चढलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी आट्यांचं कबूल केलं. काचेभोवतीचं फिरतं कडंही अडकलेलं होतं, त्याच काळ्या वाळूने. ते मी घरी भाजीच्या सुरीने उचकटायला गेलो होतो. केसवर बारा आकड्याच्या वर एक लांब ओरखडा आहे, तो त्या सुरीचा.

इथपर्यंतचं सगळं माझ्याच पैशांनी झालं. बाबांच्या घड्याळाचं तसं म्हणता येत नाही.

बाबांकडे एचएमटीचं जनता होतं. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात १९६१ साली घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि जनता हे त्यांचं घराघरांत पोचलेलं मॉडेल. चावीचं, सतरा ज्वेलचं, जेमतेम ३५ मिलिमीटरचं. तारीख नाही, चकत्या नाहीत, पट्टी नाही. आज आमचा कट्टा ज्या ज्या गोष्टी नकोत म्हणून ओरडतो, त्यातली एकही त्याच्यात नव्हती. बाबा रोज सकाळी आंघोळीनंतर, देवाला फूल वाहून झालं की त्याला चावी द्यायचे. डायल मूळची फिकट रुपेरी. वर्षांनी ती सायीच्या रंगावर आली होती आणि सातजवळ एक तपकिरी डाग पडला होता. मला तो डाग बघवायचा नाही. बाबांच्या पंचाहत्तरीला भेट म्हणून मी ते घड्याळ गुपचूप मुंबईला नेलं आणि डायल नवी करून आणली.

डायल नवी करतात म्हणजे काय करतात, हे मी विचारलं नाही. मला वाटलं दुसरी बसवतील आणि जुनी पुडीत बांधून देतील. तसं नसतं. जुनी डायल मशीनवरून काढतात, तिच्यावरचा रंग आणि अक्षरं पार खरवडून टाकतात आणि त्याच पत्र्यावर नवा रंग आणि नवी छपाई करतात. परत मागायला काही उरतच नाही. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. माझ्या हातात आली ती पोपटी हिरवी डायल. आकडे जाड, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या टोकाशी न जुळणाऱ्या, एका अक्षराची शाई शेजारच्या अक्षरात उतरलेली. तेव्हा मला ती आवडली, हे इथे लिहायलाच हवं. दुकानातल्या दिव्याखाली ती चमकत होती.

वाढदिवसाला बाबांनी डबी उघडली, घड्याळ उलटसुलट करून बघितलं. "छान आहे," म्हणाले. "कुणाचं?"

मी सांगितलं. त्यांनी घातलं. काही बोलले नाहीत.

पुढे माझं वाचन वाढलं, कट्टा जमला, आणि आपण काय करून बसलो ते कळत गेलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली आणि जुन्या जनताच्या मागे लोक हात धुऊन लागले. मी तशीच जुनी, न रंगवलेली डायल शोधायला लागलो. त्यातही फसलो, 'कधी न वापरलेलं' म्हणून आलेलं घड्याळ भिंगाखाली धरलं तर ताज्या रंगाचं निघालं, अक्षरांच्या कडा फुगलेल्या. माझं ते पोपटी घड्याळ बघून बघून मला निदान एवढं ओळखता यायला लागलं होतं. अखेर एक खरी मिळाली. सायीच्या रंगाची, आणि योगायोगाने डागाची सुद्धा, फक्त तिचा डाग सातऐवजी दहाजवळ होता. घड्याळजींशी बोलून ठेवलं, मशीन साफ करून तेल देऊन ही डायल बसवायची. बाबांकडे त्यांचं घड्याळ मागायला गेलो आणि पुडी उघडून डायल त्यांच्या तळहातावर ठेवली.

बाबांनी ती खिडकीपाशी नेऊन, चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघितली. मग पुडी बांधून माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे," म्हणाले. "याच्यातले आकडे मला दिसत नाहीत. त्या पोपटीतले चष्म्याशिवाय दिसतात."